दक्षिण गोलार्धातील क्रूझ : आधी अक्षांश, मग महिना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघेही निवृत्त आहात, वय साठीच्या थोडे पुढे आहे आणि मुलगी मेलबर्नला स्थायिक आहे. पेंग्विन आणि हिमनग प्रत्यक्ष पाहावेत ही जुनी इच्छा आहे, न्यूझीलंडचा किनारा जहाजातून पाहायचा आहे आणि जमल्यास फिजीही त्याच प्रवासात बसवायचे आहे. तर दक्षिण गोलार्धातील क्रूझसाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ कोणता? जहाजप्रवासांची आखणी हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि यांतील बहुतेक मार्गांवर मी स्वतः प्रवास केला आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

‘नोव्हेंबर ते मार्च, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो’ हे उत्तर आपल्याला सगळीकडे मिळेल. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे लोकांचा मोठा खर्च वाया गेलेला मी पाहिला आहे. दक्षिण गोलार्ध विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत पसरलेला आहे आणि त्यात जहाजप्रवासाच्या दृष्टीने दोन परस्परविरुद्ध पट्टे आहेत. विषुववृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या उष्ण पट्ट्यात, म्हणजे फिजी, वानुआतू, टोंगा, ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा, मॉरिशस आणि मादागास्कर येथे, वर्षाची विभागणी उन्हाळा-हिवाळा अशी होत नाही; ती ओला काळ आणि कोरडा काळ अशी होते. जून महिन्यात आपल्याकडे पाऊस आणणारा ढगांचा पट्टा डिसेंबर-जानेवारीत विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला ऐन पावसाळा डिसेंबर ते मार्चमध्ये असतो. याच काळात त्या समुद्रांत चक्रीवादळे होतात. उलट न्यूझीलंड, पॅटागोनिया (दक्षिण अमेरिकेचा दक्षिणेकडचा भाग) आणि अंटार्क्टिका या खालच्या पट्ट्यात प्रवास शक्य आहे की नाही हे प्रकाश, वारा आणि बर्फ यांवर ठरते, आणि तिथे नोव्हेंबर ते मार्च हाच एकमेव वा सर्वांत सोयीचा काळ असतो. एकच जानेवारी अंटार्क्टिकासाठी उत्तम आणि फिजीसाठी वाईट असतो. त्यामुळे महिना ठरवण्याआधी आपल्याला कोणत्या अक्षांशावर काय पाहायचे आहे हे ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट समुद्राच्या स्वभावाची आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. दक्षिण गोलार्धात सर्वांत मोठा दिवस २१-२२ डिसेंबरला येत असला, तरी समुद्र सर्वांत उबदार फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि अंटार्क्टिकाभोवतालचे समुद्री बर्फ सर्वांत कमी फेब्रुवारीत असते. कागदावर नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे डिसेंबरअखेरच्या दोन बाजूंचे सारखेच महिने दिसतात, पण जहाजावरून पाहता ते अगदी वेगळे ऋतू आहेत. नोव्हेंबर हा थंड पाण्याचा, वाऱ्याचा आणि प्रकाश वाढत जाण्याचा महिना आहे. फेब्रुवारी हा उबदार पाण्याचा, स्थिरावलेल्या हवेचा आणि दिवस लहान होत जाण्याचा. पुढचे बहुतेक निर्णय या फरकावर उभे आहेत.

अंटार्क्टिकापासून सुरुवात करू, कारण आपली मूळ इच्छा तीच आहे. पर्यटकांची बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उश्वाया या बंदरातून निघतात आणि सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचा ड्रेक पॅसेज ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पाला पोहोचतात. जाताना साधारण दोन दिवस आणि येताना दोन दिवस हा समुद्रच ओलांडण्यात जातात. या अक्षांशांवर पश्चिमेचा वारा पृथ्वीला पूर्ण फेरी घालतो आणि त्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. ऐन उन्हाळ्यात वादळे किंचित सौम्य असतात हे खरे, पण शांत ड्रेकची हमी कोणताही महिना देत नाही, आणि केवळ समुद्र शांत मिळावा म्हणून महिना निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्राची फारच धास्ती असेल, तर चिलीतील पुन्ता अरेनासहून अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटापर्यंत सुमारे दोन तासांच्या विमानाने जाऊन तिथे जहाजात बसण्याचा पर्याय आहे. मात्र त्या बेटावरचे ढग आणि धुके विमान खोळंबून ठेवू शकतात, म्हणून समुद्राची अनिश्चितता टाळताना आपण हवेची अनिश्चितता स्वीकारतो हे लक्षात ठेवावे.

जहाजांचा मोसम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. तेव्हा किनाऱ्यांवरचा बर्फ अस्पर्श असतो, हिमनग टोकदार आणि स्वच्छ दिसतात, पेंग्विन समुद्रावरून वसाहतीकडे परतून जोड्या जमवत असतात आणि घरट्यासाठी एकमेकांचे दगड पळवत असतात. छायाचित्रकारांना हा काळ फार आवडतो, आणि त्याचे कारण मला पूर्ण पटते. परंतु लमेअर चॅनेलसारख्या अरुंद वाटा तेव्हा समुद्री बर्फाने बंद असू शकतात, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर मऊ, खोल बर्फात पाय रुतत चालावे लागते. आपल्या वयाला ते अशक्य नाही, पण गुडघ्यांची तक्रार असेल तर त्रासदायक आहे.

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सर्वांत महाग असतो. जेंटू आणि अडेली पेंग्विनची अंडी साधारणपणे नोव्हेंबरात घातलेली असतात आणि सुमारे पाच आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीस, पिल्ले बाहेर येऊ लागतात. प्रकाश जवळजवळ चोवीस तास असतो. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते : द्वीपकल्पावर जहाजे जिथे उतरवतात ती बहुतेक ठिकाणे अंटार्क्टिक वृत्ताच्या उत्तरेलाच आहेत, त्यामुळे तिथे खऱ्या अर्थाने मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही. सूर्य थोडा वेळ क्षितिजाखाली जातो आणि आकाश उजळलेलेच राहते. दर जास्त असण्याचे खरे कारण निसर्गापेक्षा नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्या हे आहे. आपण निवृत्त आहात, सुट्टीचे बंधन आपल्यावर नाही, तेव्हा हा जादा भार उचलण्याची काहीच गरज नाही.

आपल्यासाठी मी सुचवतो तो काळ जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. पिल्ले तेव्हा घरट्याबाहेर पडून घोळक्याने उभी असतात, आईबापांच्या मागे अन्नासाठी धावतात, आणि वसाहतीत क्षणभरही शांतता नसते. बर्फ मागे हटल्याने जहाजाला अधिक वाटा मोकळ्या मिळतात आणि अंटार्क्टिक वृत्त ओलांडण्याचे बेत ठरवले जातात तेही बहुधा याच दिवसांत. हंपबॅक देवमासे या पाण्यात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीव, खाऊन धष्टपुष्ट झालेले असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. याची किंमत म्हणून किनाऱ्यावरचा बर्फ वितळून चिखल आणि पेंग्विनची विष्ठा एक झालेली असते, वास तीव्र असतो आणि छायाचित्रातली शुभ्रता कमी होते. मार्च उजाडला की अडेली पेंग्विन बहुतांशी निघून गेलेले असतात, जेंटू काही दिवस मागे राहतात, दिवस झपाट्याने लहान होतो आणि दर उतरतात. ज्यांना देवमासेच पाहायचे आहेत त्यांना मी नि:शंकपणे मार्चचा पहिला पंधरवडा सांगतो. ज्यांची इच्छा पेंग्विनची आहे त्यांना तो सांगत नाही.

भारतीय वाचकाला हे वेळापत्रक अगदी अनोळखी नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. ऐन उन्हाळ्यात, बर्फ मागे हटलेले असताना तिथे पोहोचायचे हे त्या आखणीतले गणित आजही तसेच आहे. मात्र मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, द्वीपकल्पापासून फार दूर आहेत, त्यामुळे उश्वायाहून निघणाऱ्या सहलीत ती पाहायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो.

महिन्याइतकेच जहाजाच्या आकाराला महत्त्व आहे, आणि त्या दोहोंचा एकमेकांशी संबंधही आहे. अंटार्क्टिक पर्यटन करणाऱ्या कंपन्यांची आयाटो ही संघटना १९९१ पासून काम करते. तिच्या नियमांनुसार ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवले जात नाही, आणि कोणत्याही ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक किनाऱ्यावर असू शकत नाहीत. मोठी जहाजे जानेवारी-फेब्रुवारीत ब्युनोस आयरेसहून निघून द्वीपकल्पाजवळून केवळ फेरी मारून परततात. ती स्वस्त असतात आणि चालण्याचा त्रास असलेल्यांना सोयीची असतात. पण पेंग्विन पाहण्याच्या इच्छेने गेलेल्या माणसाला ते दुर्बिणीतून पाहून परतावे लागते. आपल्याला काठीशिवाय अर्धा तास असमान जमिनीवर चालता येत असेल आणि डुलणाऱ्या रबरी बोटीत हात धरून पाऊल टाकता येत असेल, तर शंभर ते दोनशे प्रवाशांचे मोहीम-जहाजच घ्यावे. शंभरच्या मर्यादेमुळे दोनशे प्रवाशांच्या जहाजात गट पाडून आळीपाळीने उतरावे लागते, म्हणजे लहान जहाजात प्रत्येकाला किनाऱ्यावर अधिक वेळ मिळतो. दर ठरवताना ही गोष्ट हिशेबात धरावी.

याच दिशेला दक्षिण अटलांटिकमधली साउथ जॉर्जिया आणि फॉकलंड बेटे जोडून तीन आठवड्यांची सहल करता येते. साउथ जॉर्जियाच्या सेंट अँड्र्यूज बे आणि सॅलिसबरी प्लेन या किनाऱ्यांवर किंग पेंग्विनच्या प्रचंड वसाहती आहेत. त्यांचे प्रजननचक्र चौदा ते सोळा महिन्यांचे असल्याने तपकिरी पिसांची पिल्ले तिथे कोणत्याही महिन्यात दिसतात, त्यामुळे पेंग्विनसाठी महिन्याची चिंता तिथे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एलिफंट सीलच्या नरांची झुंज पाहायला मिळते. डिसेंबरमध्ये आक्रमक फर सील किनारे व्यापतात आणि काही ठिकाणी उतरणे कठीण होते. २०२३ पासून तिथे बर्ड फ्लूचा शिरकाव झाल्यामुळे काही किनारे वेळोवेळी बंद ठेवावे लागले आहेत, म्हणून केवळ एका विशिष्ट वसाहतीवर मन लावून जाऊ नये. तीन आठवडे उघड्या समुद्रात आपल्याला झेपतील का, हा प्रश्न मात्र पहिल्याच प्रवासात सोडवायला घेऊ नये असे मला वाटते.

पॅटागोनियाचा वळसा, म्हणजे चिलीच्या किनाऱ्यावरून निघून फ्योर्ड (उंच कड्यांमधल्या अरुंद, खोल खाड्या), पुन्ता अरेनास, केप हॉर्न, फॉकलंड आणि ब्युनोस आयरेस असा साधारण दोन आठवड्यांचा मार्ग, डिसेंबर ते मार्च चालतो. पुन्ता अरेनासजवळच्या मॅग्दालेना बेटावर मॅगेलॅनिक पेंग्विन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चांगले दिसतात. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही : पॅटागोनियाचा वारा उन्हाळ्यातच सर्वांत जोरदार असतो. फॉकलंडच्या स्टॅनली बंदरात मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी जावे लागते, आणि वाऱ्यामुळे ते अनेकदा रद्द होते. देवमाशांसाठी अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाकडे जायचे असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबर हा सदर्न राइट व्हेलचा उत्तम काळ आहे, पण तेव्हा अंटार्क्टिकाचा मोसम उघडलेला नसतो आणि या दोन्ही गोष्टी एका खेपेत बसत नाहीत.

आता न्यूझीलंड. मुलगी मेलबर्नला असल्याने हा भाग आपल्याला सर्वांत सोयीचा आहे, आणि इथे महिन्याचा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो. सिडनी किंवा मेलबर्नहून ऑकलंडपर्यंत जाणाऱ्या दहा ते चौदा दिवसांच्या सहली ऑक्टोबर ते एप्रिल या काळात असतात. जहाज दोन दिवसांत टास्मान समुद्र ओलांडते, फ्योर्डलंडमध्ये शिरते, मग पोर्ट चाल्मर्स, क्राइस्टचर्चजवळचे लिटलटन, वेलिंग्टन, नेपियर आणि टाउरंगा अशी बंदरे घेते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा न्यूझीलंडमधला सर्वाधिक वाऱ्याचा काळ आहे, आणि टास्मानचे दोन दिवस त्या वाऱ्यात फार लांब वाटतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन्ही देशांतील शाळांना मोठी सुट्टी असते. जहाजे मुलांनी भरलेली असतात आणि दर चढलेले असतात. नववर्षाच्या रात्री सिडनी बंदरात जहाजावरून आतषबाजी पाहण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो अनुभव खरोखरच भव्य आहे, पण त्या एका रात्रीसाठी संपूर्ण सहलीचा दर किती वाढतो हे आधी पाहावे. नातवंडे सोबत येणार असतील तर जानेवारीला पर्याय नाही. नसतील, तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर हा काळ मी कोणत्याही अन्य काळापेक्षा वरचा मानतो : शाळा सुरू झालेल्या असतात, समुद्र सर्वांत उबदार असतो आणि हवा वर्षातली सर्वांत स्थिर असते.

फ्योर्डलंडमधल्या मिलफर्ड साउंडबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण तिथे पाऊस लागला म्हणून निराश होऊन परतणारे प्रवासी मला नेहमी भेटतात. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आंबोलीइतका, आणि तो ठरावीक चार महिन्यांत न पडता वर्षभर पडत राहतो. उन्हाळ्याचे महिने तिथे कोरडे नसतात, उलट हिवाळाच तुलनेने कोरडा असतो. कोरड्या दिवशी तिथे लेडी बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन बारमाही धबधबे दिसतात. पाऊस पडत असताना दोन्ही बाजूंच्या हजार मीटरहून उंच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात गेलेल्या माणसाला हे दृश्य काय असते ते समजावून सांगावे लागणार नाही. मिलफर्डसाठी कोरडा महिना शोधण्याचा खटाटोप करू नये. चांगली जलरोधक जाकिटे घेऊन डेकवर उभे राहावे. जहाज आत शिरू शकेल की नाही हे वाऱ्यावर ठरते, आणि त्या दृष्टीनेही फेब्रुवारी-मार्चच अधिक भरवशाचे आहेत.

पुढे पोर्ट चाल्मर्सला जाताना जहाज ओटागो बंदराच्या तोंडाशी असलेल्या टाइआरोआ हेडजवळून जाते. मुख्य भूमीवर रॉयल अल्बाट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे ती हीच. त्यांची पिल्ले जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत अंड्यातून बाहेर येतात, आणि तीन मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेले त्यांचे आईबाप तेव्हा समुद्राकडे सतत येजा करत असतात. जहाज बंदरात शिरण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी आणि तेव्हा न्याहारीच्या टेबलावर न बसता डेकवर असावे. मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर लहान पेंग्विन रोज संध्याकाळी समुद्रातून बाहेर येऊन बिळांकडे चालत जातात आणि ते वर्षभर पाहता येतात. अंटार्क्टिकाला जाणे काही कारणाने जमलेच नाही, तरी पेंग्विनची इच्छा अगदी अपुरी राहणार नाही.

फिजीचे उत्तर मी आधीच अर्धे देऊन ठेवले आहे. दक्षिण प्रशांत महासागरातला चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा धरला जातो आणि त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत धोक्याचे. मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळाने वानुआतूची आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टनने फिजीची किती हानी केली हे त्या बेटांवर आजही विसरले गेलेले नाही. याचा अर्थ त्या काळात जहाजाने जाणे जिवावर बेतते असा नाही. आधुनिक जहाजाला वादळाची सूचना अनेक दिवस आधी मिळते आणि ते मार्ग बदलते. पण मार्ग बदलणे म्हणजेच आपली बंदरे गळणे, आणि तिकिटाच्या अटींनुसार कंपनी सहसा बंदराच्या शुल्काखेरीज काहीही परत करण्यास बांधील नसते. फिजीसाठी काढलेल्या सहलीत फिजीच न पाहता समुद्रावर दिवस काढून परतणारे प्रवासी दरवर्षी असतात. जून ते सप्टेंबर हा तिथला खरा काळ आहे : हवा कोरडी, उकाडा कमी, आणि आग्नेयेचे व्यापारी वारे नियमित. टोंगाजवळ त्याच सुमारास, जुलै ते ऑक्टोबरमध्ये, हंपबॅक देवमासे पिल्ले घालण्यासाठी आलेले असतात. फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या पाण्यात क्रिलवर पोसलेले हंपबॅक हिवाळ्यात अशा उष्ण समुद्रांकडे येतात, म्हणजे देवमाशांनीही या दोन पट्ट्यांचे वेळापत्रक आपल्यासारखेच पाळलेले आहे. ताहितीकडे, अधिक पूर्वेला, वादळे एरवी विरळ असतात, पण एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते तेव्हा, ती तिकडेही सरकतात. १९८२-८३ मध्ये तसे झाले होते.

उष्ण पट्ट्यातील इतर ठिकाणांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण आपल्यासोबत पुढे कधी मुले-नातवंडे येणार असतील तर महाराष्ट्रातील शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीला हीच ठिकाणे जुळतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किम्बर्ली किनारा एप्रिल-मे ते सप्टेंबर या काळात पाहावा. मे महिन्यात पावसाचे पाणी अजून धबधब्यांत असते आणि वादळांचा काळ संपलेला असतो. ग्रेट बॅरियर रीफला जून ते ऑक्टोबर चांगला. त्याआधीच्या गरम महिन्यांत उत्तर क्वीन्सलंडच्या पाण्यात विषारी बॉक्स जेलीफिश असतात. मॉरिशस आणि आसपासच्या बेटांना मे ते नोव्हेंबर बरा. मॉरिशसमध्ये मराठी समाज पिढ्यानपिढ्या राहतो आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. भाद्रपदातल्या त्या दिवसांत तिथली हवा कोरडी असते, हा योग मराठी प्रवाशांनी साधण्यासारखा आहे. गालापागोस बेटे विषुववृत्तावरच असल्याने वर्षभर खुली असतात : जानेवारी ते मे उबदार पाणी आणि मधूनमधून सरी, जून ते नोव्हेंबर थंड प्रवाह, ढगाळ आकाश आणि समुद्रात भरपूर जीव. तिथला अल्बाट्रॉस एस्पान्योला बेटावर एप्रिल ते डिसेंबरातच दिसतो.

या सगळ्यावरून आपल्या बाबतीत माझा निर्णय असा आहे. तिन्ही गोष्टी एका प्रवासात कोंबू नयेत. अंटार्क्टिका आणि न्यूझीलंड यांचे महिने जुळतात. उत्साह आणि पैसा दोन्ही असेल तर जानेवारीअखेर उश्वायाहून निघून फेब्रुवारीच्या सुरुवातीस परतावे, सँतियागोहून सिडनीला थेट विमान आहे त्याने ऑस्ट्रेलिया गाठावे, मुलीकडे दोन-तीन आठवडे विसावा घ्यावा आणि मार्चमध्ये न्यूझीलंडची सहल करावी. कॅलेंडर याला परवानगी देते, परंतु शरीर देईलच असे नाही, म्हणून हे दोन स्वतंत्र वर्षांत करणे मला अधिक योग्य वाटते. त्यात अंटार्क्टिका आधी करावे. न्यूझीलंडची सहल पंचाहत्तरीतही आरामात होते. रबरी बोटीतून निसरड्या दगडांवर उतरणे दर वर्षागणिक कठीण होत जाते. फिजीसाठी मेलबर्नला जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या ऐन थंडीत, एखादी भेट ठरवावी आणि तिथून विमानाने आठवडाभर जाऊन यावे. लहान बेटांमधली चार दिवसांची स्थानिक जहाजसहल तेव्हा तिथूनच घेता येते.

आकाशनिरीक्षणाची आवड असेल तर एक मुद्दा आणखी आहे. अंटार्क्टिकाच्या डिसेंबर-जानेवारीत रात्रच होत नाही, त्यामुळे तारेही नाहीत आणि दक्षिण ध्रुवप्रकाशही नाही. आपल्याकडून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारे अगस्त्य आणि त्रिशंकू उंच आकाशात पाहायचे असतील, तर न्यूझीलंडची मार्चमधली सहल त्यासाठी अधिक चांगली. जहाजाच्या वरच्या डेकवर दिव्यांच्या आडोशाला उभे राहिल्यास मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिका, हेही नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

महिना ठरला की आरक्षण निदान वर्षभर आधी करावे, कारण लहान जहाजांतल्या मधल्या, खालच्या मजल्यावरच्या खोल्या सर्वांत आधी संपतात आणि ड्रेकमध्ये हेलकावे कमी जाणवतात ते तिथेच. जहाज अर्जेंटिनाबाहेर जाऊन पुन्हा तिथेच परतते, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा घ्यावा. विमा घेताना अंटार्क्टिकातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात स्पष्टपणे लिहिलेला आहे याची खात्री करावी. ही रक्कम फार मोठी असते आणि साध्या प्रवास विम्यात ती बहुधा नसते. पीतज्वराच्या लसीकडे मात्र सर्वांत आधी पाहावे. अर्जेंटिना, ब्राझील, पेरू, इक्वेडोर यांसारख्या देशांतून भारतात परतताना या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होते. साठी ओलांडलेल्यांना या लसीचे दुष्परिणाम होण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे ती घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. त्यांनी नको म्हटले तर मार्ग चिलीमार्गे आखता येतो का ते पाहता येईल, आणि ही चौकशी जहाजाचे पैसे भरण्याआधीच झालेली असावी. ब्युनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमाने एझेइझा विमानतळावर उतरतात आणि उश्वायाची बहुतेक विमाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आएरोपार्केहून सुटतात, म्हणून त्या दोन विमानांमध्ये किमान एक रात्र आणि उश्वायात जहाज सुटण्याआधी आणखी एक रात्र ठेवावी. ठरलेल्या वेळी धक्का सोडणारे जहाज विमान चुकलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही, आणि त्या मार्गावर त्याला पुढे कुठे गाठताही येत नाही.